हार्नेस (श्वान)

हार्नेस हे कुत्र्याची छाती, खांदे व बरगड्या यांभोवती बसवायचे पट्ट्यांचे साधन आहे. गळपट्ट्याला बांधलेल्या दोरीचा ताण कुत्र्याच्या मानेवर येतो. हार्नेसमध्ये तोच ताण छातीचे हाड व बरगड्या यांवर विभागला जातो. फिरायला नेताना दोरी जोराने ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी हार्नेसचा वापर विशेष केला जातो. हार्नेसमुळे मानेवरील भार कमी होतो, मात्र ओढण्याची सवय आपोआप सुटत नाही. त्यामुळे निवड करताना दोरी अडकवण्याच्या कडीची जागा, शरीरावरील बसणी आणि सोबतचे प्रशिक्षण या तीन बाबी एकत्र विचारात घ्याव्या लागतात.

पार्श्वभूमी

बैलाच्या खांद्यावरील जू किंवा टांग्याच्या घोड्याचा साज यांप्रमाणेच हार्नेस हे मुळात भार ओढण्याचे साधन आहे. आर्क्टिक प्रदेशातील इनुइट व इतर समाज बर्फावरील घसरगाड्या ओढण्यासाठी कुत्र्यांना हार्नेस घालत आले आहेत. १९२५ साली अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली असता त्यावरील सीरम कुत्र्यांच्या घसरगाड्यांमधून पोहोचवण्यात आले. बेल्जियम व नेदरलँड्समध्ये विसाव्या शतकातही दुधाच्या लहान गाड्यांना कुत्रे जुंपले जात. अंध व्यक्तींच्या मार्गदर्शक कुत्र्यांसाठी मात्र ताठ मुठीचा वेगळा हार्नेस वापरतात. अशा कुत्र्यांना शिकवणारी पहिली शाळा १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे सुरू झाली.

घसरगाडीच्या हार्नेसमध्ये भार छातीवर येतो आणि गळा मोकळा राहतो. त्यामुळे कुत्र्याला श्वास न कोंडता पूर्ण ताकद लावता येते. पाठीवर कडी असलेला फिरण्याचा हार्नेस बऱ्याच अंशी याच तत्त्वावर बेतलेला असल्याने काही कुत्री तो घातल्यावर अधिक जोराने ओढतात.

कुत्रा का ओढतो?

कुत्र्याची स्वाभाविक चाल माणसाच्या चालीपेक्षा जलद असते. वाटेतील वास, इतर कुत्री, मांजरे व माणसे यांचेही त्याला आकर्षण असते. दोरी ताणल्यावर हवे ते झाड किंवा खांब गाठता येतो, हे एकदा अनुभवास आले की ओढणे हीच सवय होते. पुरेसा व्यायाम न मिळालेले तरुण कुत्रे अधिक ओढतात. वाहनांच्या किंवा फटाक्यांच्या आवाजाला घाबरलेले कुत्रे घराच्या दिशेने ओढू शकते. अशा वेळी त्याला आवरण्यापेक्षा भीतीच्या कारणापासून दूर नेणे आवश्यक असते.

मानेवरील ताण

मानेच्या पुढील भागात श्वासनलिका असते आणि दोन्ही बाजूंनी मोठ्या रक्तवाहिन्या जातात. गळपट्ट्यावर सतत ओढ पडल्यास खोकला येणे, घशात घरघर होणे अशा तक्रारी उद्भवतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गळपट्ट्याने मानेवर ओढ पडली असता कुत्र्यांच्या डोळ्यांतील अंतर्दाब वाढल्याचे, तर हार्नेसमध्ये तशी वाढ न झाल्याचे आढळले. म्हणून काचबिंदूचा धोका असलेली, श्वासनलिका कमकुवत असलेली, मानेच्या मणक्यांचा आजार असलेली आणि पगसारखी चपट्या तोंडाची कुत्री यांच्यासाठी हार्नेस अधिक योग्य मानला जातो.

प्रकार

पाठीवर कडी असलेला हार्नेस घालण्यास सोपा असतो व दोरी पायांत अडकत नाही. लहान, शांत किंवा वासाचा माग काढणाऱ्या कुत्र्यांसाठी तो सोयीचा आहे. ताकदवान व ओढाळ कुत्र्याला त्याने आवरणे कठीण जाते.

छातीवर कडी असलेल्या हार्नेसमध्ये दोरी उरोस्थीच्या समोर अडकवतात. कुत्रा पुढे झेपावला की दोरीची ओढ त्याच्या शरीराचा पुढचा भाग बाजूला वळवते आणि त्याचा जोर सरळ रेषेत लागत नाही. यात वेदना देण्याची गरज नसते. मात्र दोरीला हिसका दिल्यास किंवा लांब दोरीवर कुत्रा पळत सुटल्यास पाय अडखळण्याचा व सांध्यांना पीळ बसण्याचा धोका असतो. म्हणून हा प्रकार आखूड दोरीवर, चालण्यापुरता वापरतात.

दोन कड्यांच्या हार्नेसमध्ये छाती व पाठ या दोन्ही ठिकाणी दोरी अडकवता येते. दोन्ही टोकांना कड्या असलेली दोरी वापरल्यास गर्दीत पुढील कडीने दिशा देता येते व मोकळ्या जागी मागील कडीवर चालवता येते. ओढाळ व मोठ्या कुत्र्यासाठी हा प्रकार सर्वांत लवचीक ठरतो.

आवळणारा हार्नेस ओढताच छातीभोवती किंवा काखेत घट्ट होतो. त्याचा परिणाम अस्वस्थता व वेदना यांवर अवलंबून असतो. बारीक दोऱ्यांमुळे काखेतील नाजूक त्वचा सोलवटते. असा हार्नेस टाळणे इष्ट असते.

हेड कॉलर हे जनावराच्या म्होरकीसारखे तोंडावर बसणारे साधन हार्नेसहून वेगळे आहे. त्यावर मानेला हिसका बसू शकतो, त्यामुळे ते हळूहळू सवय लावूनच वापरले जाते.

माप व बसणी

केवळ वजन किंवा जात पाहून हार्नेसचे माप ठरवता येत नाही. छातीचा घेर पुढच्या पायांच्या किंचित मागे, बरगड्यांच्या सर्वांत रुंद भागाभोवती मोजतात. मानेचा घेर गळपट्ट्याच्या जागी न मोजता त्याखाली, मान खांद्यांना मिळते तेथे मोजतात. माप घेताना कुत्रा सरळ उभा असावा. योग्य बसणीची लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत :

• प्रत्येक पट्टी व शरीर यांमध्ये दोन बोटे सपाट जातात, पण पट्टी लोंबत नाही.
• समोरची पट्टी उरोस्थीवर टेकते. गळ्यावर चढत नाही किंवा खांद्याच्या सांध्यावर आडवी येत नाही.
• पोटाखालची पट्टी काखेपासून काही बोटे मागे, बरगड्यांवर राहते.
• दोरी ओढली तरी हार्नेस एका बाजूला फिरत नाही.
• चालताना, बसताना व झोपताना कुत्र्याच्या हालचालीत अडथळा येत नाही.

दख्खनमधील कारवान व मुधोळ हाउंड यांसारख्या खोल छातीच्या व बारीक कमरेच्या कुत्र्यांचे डोके अरुंद असल्याने ती मागे सरकून साध्या हार्नेसमधून निसटू शकतात. त्यांच्यासाठी बरगड्यांच्या मागे, कमरेच्या बारीक भागावर तिसरी पट्टी असलेला हार्नेस अधिक सुरक्षित असतो. हार्नेसची कडी व गळपट्टा यांना जोडणारी लहान दोरी हाही एक पर्याय आहे. वाढत्या पिल्लाचे माप दर काही आठवड्यांनी तपासावे लागते.

साहित्य व निगा

ताकदवान कुत्र्यासाठी रुंद नायलॉनची नवारपट्टी, दुहेरी शिवण आणि धातूच्या अखंड कड्या आवश्यक असतात. प्लॅस्टिकची बक्कले तडकलेली नाहीत याची वरचेवर खात्री करावी लागते. उष्ण हवामानात जाड अस्तराचे व अंग झाकणारे हार्नेस शरीरातील उष्णता अडवतात. हलके, जाळीदार अस्तर तेथे उपयुक्त ठरते. पावसाळ्यात भिजलेला हार्नेस अंगावर तसाच राहिल्यास त्वचा लाल होणे, केस झडणे किंवा जंतुसंसर्ग होणे संभवते. फिरून आल्यावर तो काढून वाळवावा आणि पट्ट्यांखालील त्वचेवर घासल्याच्या खुणा व गोचीड आहेत का ते पाहावे.

सवय व प्रशिक्षण

नवा हार्नेस प्रथम घरात, थोडा वेळ व खाऊ देत घालतात. डोक्यावरून बळेच चढवल्यास कुत्रा हार्नेस पाहताच पळू लागतो. गळ्याच्या फटीतून खाऊ पुढे धरल्यास तो स्वतः डोके आत घालतो. त्यानंतर दोरी सैल असताना पुढे चालणे व ताणली जाताच थांबणे हा नियम पाळला जातो. कुत्रा शेजारी चालत असताना त्याच जागी बक्षीस दिले जाते. घरातील सर्व व्यक्तींनी हाच नियम पाळणे महत्त्वाचे असते. एकाने थांबायचे व दुसऱ्याने ओढत न्यायचे, असे झाल्यास सवय सुटत नाही. पूर्वी आनंदाने हार्नेस घालून घेणारा कुत्रा अचानक टाळू लागला, तर दुखापतीच्या शक्यतेसाठी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी.

मर्यादा

हार्नेस पूर्णतः निर्दोष नाही. २०१९ सालच्या एका लहान अभ्यासात, खांद्यांवर आडवी पट्टी असलेला व खांदे मोकळे ठेवणारा अशा दोन्ही प्रकारच्या हार्नेसमुळे चालताना व दुडक्या चालीत खांद्याचा सांधा पुढे ताणला जाण्याचे प्रमाण घटले. मोकळा मानल्या जाणाऱ्या प्रकारात ही घट अधिक होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातील निवारागृहातील कुत्र्यांवरील अभ्यासात पाठीवर कडी असलेल्या हार्नेसमध्ये कुत्र्यांनी गळपट्ट्यापेक्षा अधिक जोराने ओढल्याचे दिसले. म्हणून विक्रेत्याने दिलेल्या नावापेक्षा त्या विशिष्ट कुत्र्याची चाल पाहून निवड करणे अधिक विश्वसनीय ठरते. फिरण्याचा साधा हार्नेस मोटारीतील अपघातात संरक्षण देईलच असे नाही.

भारतातील कायदा

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने वा दोरीने बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणे हेही याच कलमात येते.

हे सुद्धा पहा

• कुत्रा
• मुधोळ हाउंड
• गळपट्टा
• जू