विंडहूकचा जाहीरनामा आणि छापखान्याचा मालक



दक्षिण आफ्रिका म्हटलं की आपल्या पोरांना मंडेला आठवतो, बिको आठवतो, गोळीबार आठवतात. तिथला छापखाना मात्र कुणाला आठवत नाही. मी आज त्याच्याबद्दल लिहितोय. ज्याच्या हातात छापखाना नाही त्याचं दुःख दुसऱ्याच्या मर्जीनं छापलं जातं, आणि ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा पैसे देऊ केले तरी ‘केसरी’नं त्याची जाहिरात घेतली नव्हती. आपल्या पत्रकारितेचा इतिहास असा सुरू होतो. आता तिकडचा बघा.

सप्टेंबर १९७७ मध्ये स्टीव्ह बिको पोलिसांच्या ताब्यात मेला. महिना-सव्वा महिन्यानं, १९ ऑक्टोबरला, गोऱ्या सरकारनं एका दिवसात काळ्यांच्या चळवळीचा गळा आवळला. अठरा संघटना बंद. काळ्या वाचकांचा ‘द वर्ल्ड’ बंद. त्याचा संपादक पर्सी क्वोबोझा तुरुंगात. बंदी आलेल्या संघटनांत एक होती युनियन ऑफ ब्लॅक जर्नलिस्ट्स. म्हणजे नुसता पेपर बंद करून सरकारचं पोट भरलं नाही, पेपरात लिहिणाऱ्यांची जूटही त्याला मोडायची होती. पण ती पोरं गप बसली नाहीत. त्यांनी दुसऱ्या नावानं संघटना उभी केली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकट्या लेखकाला व्यवस्था सहज उचलते. संघटित लेखकांना उचलायचं तर तिला आधी कायदा काढावा लागतो, दिवस ठरवावा लागतो, आणि तो दिवस मग लोकांच्या लक्षात राहतो. १९ ऑक्टोबर तिकडं ‘काळा बुधवार’ म्हणून आजही लक्षात आहे.

शेजारच्या नामिबियावर तेव्हा दक्षिण आफ्रिकेचीच सत्ता होती. तिथं १९८५ साली ग्वेन लिस्टर नावाच्या बाईनं ‘द नामिबियन’ हा पेपर काढला. बाई जातीनं गोरी, पण पेपर वर्णद्वेषी राजवटीच्या उरावर बसलेला. लष्करानं आणि पोलिसांनी खेड्यांत काय चालवलंय ते त्यात छापून यायचं. इंग्रजीच्या जोडीला ओशिवाम्बो भाषेची पानं असायची, त्यामुळं तो फक्त शहरातल्या साहेबांचा राहिला नाही. १९८८ साली लिस्टर गरोदर असताना तिला पकडून आत टाकलं. त्याच वर्षी कचेरीवर पेट्रोल बॉम्ब पडला. पेपर निघतच राहिला. २१ मार्च १९९० ला नामिबिया स्वतंत्र झाला.

पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल ते ३ मे १९९१, राजधानी विंडहूकमध्ये युनेस्कोच्या पुढाकारानं आफ्रिकेतले पत्रकार जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा केला. तो मी पुन्हा पुन्हा वाचलाय. त्यात फुकाची भाषा नाही, हिशेब आहे. १९६९ ते १९९० या काळात आपलं काम करताना ४८ आफ्रिकी पत्रकार मारले गेले आणि त्या घडीला किमान १७ जण तुरुंगात होते, असं त्यात सरळ लिहिलंय. स्वतंत्र पेपर कशाला म्हणायचं, तेही सांगितलंय. ज्याच्यावर सरकारचा ताबा नाही, पक्षाचा नाही, पैशाचा नाही. आणि कागद, छापखाना, वाटप यांच्या वाटेनंही ज्याला कुणी आवळू शकत नाही, तो स्वतंत्र. हे शेवटचं कलम वाचून मी थबकलो. लिहायचं स्वातंत्र्य कायद्यानं देता येतं. पण कागदाचं बिल कोण भरतो, या सवालाचं उत्तर कायद्यात नसतं. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांनी ३ मे हा जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्य दिन ठरवला, तो याच जाहीरनाम्याची तारीख धरून.

जाहीरनामे पुष्कळ निघतात. पुढं काय, हा खरा प्रश्न. १९९२ साली त्या भागातल्या लहान-लहान स्वतंत्र पेपरांच्या संपादकांनी मीडिया इन्स्टिट्यूट ऑफ सदर्न आफ्रिका ही संघटना काढली. तिला ‘मिसा’ म्हणतात. मुख्य कचेरी तेव्हा विंडहूकला होती. हळूहळू नामिबिया, झांबिया, झिंबाब्वे, बोट्स्वाना, मोझांबिक, मलावी असं करत अकरा देशांत तिच्या शाखा झाल्या.

तिची कामाची पद्धत साधी होती आणि म्हणूनच शिकण्यासारखी. एखाद्या देशात पत्रकाराला पोलिसांनी उचललं की तिथल्या शाखेनं लगेच चार ओळींचा इशारा लिहायचा: कोण, कधी, कुठं, कोणत्या कलमाखाली. तो विंडहूकहून सगळ्या देशांना जायचा. मग त्या सरकारकडं निषेधाची पत्रं सुरू. वकील उभा करायचा. आणि वर्षाच्या शेवटी साऱ्या घटनांची यादी पुस्तकरूपानं छापायची. त्या पुस्तकाचं नाव मोठं टोचणारं आहे, ‘सो धिस इज डेमोक्रसी?’ म्हणजे, हीच का ती लोकशाही?

यादी ठेवणं हे कारकुनी काम वाटतं. तसं नाही, दोस्तांनो. अत्याचाराची तारीखवार नोंद नसली की सत्ता म्हणते, असं काही घडलंच नाही. गावोगावच्या जुलमाच्या बातम्या ‘बहिष्कृत भारत’मधून छापून आल्या, म्हणून तर आज आपण त्या पुराव्यानिशी दाखवू शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. गोऱ्यांचं राज्य गेल्यावर पत्रकारांचे हाल संपले का? नाही. आणि हाल करणारे आता आपलेच होते.

झांबियात फ्रेड ममेम्बेच्या ‘द पोस्ट’नं एकपक्षीय राजवटीविरुद्ध आवाज उठवला. १९९१ साली कामगार पुढारी चिलुबा निवडून आला. त्याच चिलुबाच्या काळात, १९९६ साली, पेपरचा एक अख्खा अंक बेकायदा ठरवला गेला आणि ममेम्बेला व त्याचा सहकारी ब्राइट म्वापे याला संसदेनं हक्कभंगाखाली तुरुंगात धाडलं. कोर्टानं सोडवेपर्यंत त्यांचे तीनेक आठवडे आत गेले. ज्या ‘नामिबियन’नं स्वातंत्र्यासाठी बॉम्ब खाल्ला, त्याला स्वतंत्र नामिबियाच्या सरकारनं २००० साली जाहिराती बंद केल्या. पुढं सरकारी पैशानं तो पेपर विकत घ्यायलाही मनाई केली. हा बहिष्कार २०११ पर्यंत चालला. वाचकांनी तो पेपर सोडला नाही म्हणून तो तगला. झिंबाब्वेत ‘डेली न्यूज’चा छापखाना जानेवारी २००१ मध्ये स्फोटानं उडवला. पुढच्या वर्षी पत्रकारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला आणि त्याच्या जोरावर सप्टेंबर २००३ मध्ये पेपरला टाळं लागलं. तो कायदा २०२० साली रद्द झाला. म्हणजे अठरा वर्षं गेली.

मोझांबिकचा कार्लोस कार्डोसो तर मला आपल्या घरातला माणूस वाटतो. आधी सरकारी वृत्तसंस्थेचा प्रमुख. १९९२ साली त्यानं सोबत्यांबरोबर पत्रकारांची सहकारी संस्था काढली. छापखाना परवडेना. मग यांनी काय केलं? बातम्या टाईप केल्या आणि फॅक्सनं वर्गणीदारांना धाडल्या. ‘मीडियाफॅक्स’ असा निघाला. पुढं त्यानं ‘मेटिकाल’ काढला, तोही फॅक्सवरच. चार कागदांचा पेपर, पण बँकेतल्या मोठ्या लुटीमागं तो हात धुऊन लागला. २२ नोव्हेंबर २००० ला मापुटोच्या रस्त्यावर गाडीत त्याला गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांना २००३ साली शिक्षा झाल्या. हे कळल्यापासून सायक्लोस्टाईलच्या शाईनं काळे झालेले हात मला कधी हलके वाटले नाहीत. कागद किती चकचकीत आहे यावर सत्तेची भीती ठरत नसते.

‘मिसा’ची मी आरती ओवाळत नाही. तिचा मोठा खर्च युरोपातल्या, विशेषतः उत्तरेकडच्या देशांच्या मदतीवर चालला. सरकारपासून स्वतंत्र, पण देणगीदाराच्या थैलीला बांधलेली, ही अडचण तिच्या मुळातच होती. विंडहूकच्या जाहीरनाम्यातलं पैशाबद्दलचं कलम असं उलटून तिच्यावरच येतं. शाहू महाराजांनी ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये दिले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. तरी तो पेपर फार वर्षं चालला नाही. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ ला निघाला आणि १९२९ ला थांबला. मदतीनं पेपर सुरू होतो, पण तो चालतो वर्गणीवर. हे सत्य विंडहूकमध्ये आणि मुंबईत सारखंच आहे.

आणखी एक सवाल मला गप बसू देत नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हणजे नक्की कुणाचं? १९९६ साली बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत एक तरी दलित पत्रकार सापडतो का म्हणून शोध घेतला आणि त्यांना एकही सापडला नाही. ज्या खोलीत आपला माणूसच नाही, त्या खोलीच्या स्वातंत्र्यासाठी आपण मोर्चा काढायचा का?

माझं उत्तर, काढायचा. पण दोन अटींवर. त्या खोलीत शिरायचा हक्क त्याच मोर्चात मागायचा, ही पहिली. आणि आपली स्वतःची खोली मोडायची नाही, ही दुसरी. काळ्या पत्रकारांनी वेगळी संघटना केली म्हणून १९७७ चा घाव त्यांना एकट्याएकट्यानं सोसावा लागला नाही. आणि अकरा देशांचे लोक एकत्र आले म्हणून एका गावातली अटक दहा देशांत पोचली. वेगळं असणं आणि एकत्र येणं, दोन्ही लागतं.

तिकडच्या इतिहासानं मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आपल्याच सत्तेबद्दल. उद्या आपला पुढारी मंत्री होईल. आपल्याच अंकात त्याच्यावर टीका येईल. तेव्हा काही जण म्हणतील, चळवळीचं नुकसान होतंय, अंक थांबवा. त्या दिवशी ममेम्बे आठवा, ‘नामिबियन’ आठवा. परक्याच्या जुलमाविरुद्ध लिहायला धाडस लागतं हे खरं, पण आपल्या माणसाच्या चुकीविरुद्ध लिहिलेला मजकूर छापणं त्याहून कठीण आहे. तो छापण्याची तयारी असेल तरच अंकाच्या पहिल्या पानावर ‘स्वतंत्र’ हा शब्द लिहा. आणि अंक वाचून झाला की वर्गणी द्यायला विसरू नका.

जय भीम.