वाणिज्य व्यवसाय अभ्यासक्रम (महाराष्ट्र, माध्यमिक व उच्च माध्यमिक)

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना हिशेबलेखन, बँककाम, कार्यालयीन कामकाज, विक्री, खरेदी व कोठार यांपैकी एखादे काम नोकरीच्या अथवा स्वतःच्या धंद्याच्या हेतूने शिकविणारे अभ्यासक्रम. अकरावी-बारावीच्या सर्वसाधारण वाणिज्य शाखेहून ते वेगळे. शाखेत विषय परीक्षेपुरता शिकवला जातो, येथे प्रात्यक्षिक आणि प्रत्यक्ष आस्थापनेतील उमेदवारी अपेक्षित असते. महाराष्ट्रात यांपैकी सर्वांत परिचित प्रकार ‘एमसीव्हीसी’. ‘किमान कौशल्यावर आधारित व्यावसायिक अभ्यासक्रम’ हे त्याचे पूर्ण नाव शासननिर्णयांपलीकडे फारसे कोणी उच्चारत नाही.

पूर्वपीठिका : शाळेत हिशेब शिकवावा ही मागणी जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शाळेसाठी मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीची प्राथमिक माहिती यांचा आग्रह धरलेला आहे. हंटर आयोगाने स्वतः माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचविल्या : एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे जाणारी, दुसरी व्यापार व तत्सम व्यवहारांकडे नेणारी. दुसऱ्या वाटेवर वर्दळ झाली नाही. सरकारी नोकरीचा रस्ता पहिल्या वाटेने जात होता, हे त्याचे सरळ कारण. मुंबईत दावर्स कॉलेज (१९००) आणि सिडनॅम कॉलेज (१९१३) निघाली, पण ती शाळेच्या वरची पायरी. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून आलेल्या नयी तालीमने हस्तव्यवसाय केंद्रस्थानी आणला. त्यात सूतकताई होती, दुकानदारी नव्हती.

मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांसाठी जे सात गट आखले, त्यांत वाणिज्य हा एक होता. पुढचा इतिहास मुख्यतः लक्ष्यांचा आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीनंतरच्या निम्म्या विद्यार्थ्यांना वीस वर्षांत, म्हणजे १९८६ पर्यंत, व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याची शिफारस केली. ते वर्ष उजाडले तेव्हा आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के असे उद्दिष्ट ठरविले. १९९२ मध्ये आकडे तेच ठेवून वर्षे पाच-पाचाने पुढे सरकविण्यात आली. २०२० च्या धोरणात पुन्हा ५० टक्के आले, मुदत २०२५. मात्र आता व्यवसाय शिक्षणाचा ‘अनुभव’ मिळाला तरी पुरे होते. अंमलबजावणी दरवेळी उद्दिष्टाच्या बरीच मागे राहिली.

एमसीव्हीसी : व्यवसाय शिक्षणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात या अभ्यासक्रमाचा विस्तार तिच्या आधारे झाला. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, आरोग्य, गृहशास्त्र व मत्स्य असे गट करण्यात आले. कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे, तर बारावीचे प्रमाणपत्र राज्य मंडळाचे. हे दोन घरचे पाहुणेपण अभ्यासक्रमाला कायमचे चिकटले. कनिष्ठ महाविद्यालयाच्या इमारतीत असूनही त्याचे शिक्षक वेगळ्या खात्याचे, त्यांची पदनामे वेगळी (पूर्णवेळ शिक्षक, निदेशक), तपासणीला येणारे अधिकारीही वेगळे.

वाणिज्य गटात लेखाशास्त्र व लेखापरीक्षण, बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट, मार्केटिंग व सेल्समनशिप, पर्चेसिंग व स्टोअर कीपिंग, लघुउद्योग व स्वयंरोजगार असे अभ्यासक्रम होते. पुढे त्यांची फेररचना होऊन अकाउंटिंग व ऑफिस मॅनेजमेंट, मार्केटिंग व रिटेल मॅनेजमेंट, बँकिंग-वित्तसेवा-विमा, लॉजिस्टिक्स व पुरवठासाखळी अशी नावे आली. केंद्रीय आराखड्यात भाषा आणि सामान्य पायाभूत अभ्यासक्रम सोडून ६५ ते ७० टक्के वेळ व्यवसायविषयासाठी राखलेला होता.

वाणिज्य गट सुरू करणे संस्थांना सोपे गेले. लेथ नको, वीजजोडणीचा मोठा भार नको, प्रयोगशाळेतील भांडी नकोत. चार कपाटे, नमुना पावतीपुस्तके आणि काही टंकलेखन यंत्रे एवढ्यावर वर्ग उभा राहू शकत असे. याच कारणाने प्रात्यक्षिकाची आबाळही याच गटात सहज होते. वेल्डिंग न येणारा विद्यार्थी लपत नाही. रोखवही मात्र शेजाऱ्याची पाहून उतरविता येते, आणि परीक्षकासमोर ठेवलेली जर्नल सुवाच्य असली की काम भागते. जेथे शाळेचे ग्राहक भांडार विद्यार्थ्यांच्या हाती दिले गेले, तेथे चित्र वेगळे असते. सकाळी वह्या-पेनांचा साठा मोजून घेणे, मधल्या सुटीत विक्री, शाळा सुटल्यावर गल्ल्यातील रक्कम आणि पावत्यांच्या स्थळप्रती जुळविणे, बारा रुपये कमी आले तर ते कोठे गेले हे रात्रीच्या आत शोधणे. हे शिक्षण पाठ्यपुस्तकातून मिळत नाही.

उत्तीर्णांना शिकाऊ उमेदवारीची सोय आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन ‘तंत्रज्ञ (व्यावसायिक)’ असा वेगळा वर्ग निर्माण झाला. पश्चिम विभागासाठी त्याचे काम मुंबईच्या शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळाकडे आहे. उमेदवारीचे वर्ष विद्यावेतनाचे असते, नोकरीच्या हमीचे नसते. बहुतेक जण मग बी.कॉम.ला प्रवेश घेतात. हे अपयश मानावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. सरकारी दृष्टीने विद्यार्थी पदवीकडून वळवायचा होता ; पालकाच्या दृष्टीने बारावी पदरात पडली आणि वर एक काम आले. प्रवेशाच्या वेळी कमी गुणांच्या मुलांना ‘एमसीव्हीसीला टाका’ असे सर्रास म्हटले जाते, यातील ‘टाका’ हे क्रियापद पुरेसे बोलके आहे.

द्विलक्षी विषय : बोलीत ‘बायफोकल’. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय सोडून २०० गुणांचा एक व्यवसायविषय घ्यायचा. बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट, मार्केटिंग व सेल्समनशिप, लघुउद्योग व स्वयंरोजगार हे पर्याय. विज्ञान शाखेत इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्र यांना गुणांमुळे मोठी मागणी असते. वाणिज्यात तशी ओढ दिसत नाही.

परिभाषा व हिशेबाचे शिक्षण : मराठी माध्यमाच्या पुस्तपालनाची परिभाषा भाषांतरित कमी आणि वारशाने आलेली जास्त आहे. पेशवे दप्तरात रोजच्या नोंदींची रोजकीर्द, तीवरून खात्यांची खतावणी, पुढे तेरीज व ताळेबंद अशी उतरंड दिसते. आजच्या वर्गात कीर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स आणि ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. अर्थ मात्र सरकले आहेत. दप्तरातील ताळेबंद हा वर्षाअखेरचा जमाखर्च व शिल्लक यांचा गोषवारा असे. आजचा ताळेबंद विशिष्ट दिवसाची मालमत्ता आणि देणी दाखवतो, खर्च त्यात येत नाही. जुना शब्द नव्या पद्धतीला बसविताना हा फरक क्वचितच सांगितला जातो, आणि आजोबांची चोपडी पाहिलेला मुलगा नेमका तेथे गोंधळतो.

दुसरा ठरलेला गोंधळ ‘जमा’ आणि ‘नावे’ यांचा. विद्यार्थ्याने स्वतःच्या रोखपुस्तकात बँकेत भरलेली रक्कम बँक खात्याला नावे लिहिली, आणि पासबुकात पाहिले तर तीच रक्कम जमा. दोन्ही बरोबर आहेत : त्याच्या बाजूने बँक त्याची देणेकरी, बँकेच्या बाजूने तो तिचा धनको. ही उलट-सुलट एकदा उमगली की बँक जुळवणी पत्रक सोपे होते, न उमगल्यास ते बारावीपर्यंत पाठ करावे लागते. वाणिज्य गटातील शिक्षकाचा कस धड्यांपेक्षा या एका ठिकाणी लागतो, असे प्रस्तुत नोंदलेखकाला वाटते.

तेरीज न जुळल्यास फरकाकडे पाहण्याची पेढीवरची रीत अशी : फरकाला ९ ने नि:शेष भाग गेला, तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी. ५४० चे ४५० लिहिले गेल्यास ९० चा फरक पडतो. फरक सम असल्यास त्याचे निम्मे करून तेवढ्या रकमेची नोंद शोधावी, कारण नावेची रक्कम जमेला गेल्यास फरक दुप्पट येतो. मुनीम हे तोंडी सांगत. आता संगणकीय हिशेबात दोन बाजू जुळल्याशिवाय व्हाउचर पुढे जातच नाही, त्यामुळे या शहाणपणाचा निम्मा उपयोग संपला. चुकीच्या खात्याला घातलेली बरोबर रक्कम मात्र कोणतीही प्रणाली पकडत नाही. टॅली ही बंगळूरची हिशेबप्रणाली (कंपनीची स्थापना १९८६) आणि १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर यांनी तालुक्याच्या गावातही हिशेबनिसाची गरज वाढविली. ‘टॅली येतं का?’ हाच तेथे मुलाखतीचा पहिला प्रश्न असतो.

टंकलेखन व लघुलेखन : शाळेच्या वेळापत्रकाबाहेरचा, पण शाळकरी मुलांनीच भरलेला व्यवसाय अभ्यासक्रम. दहावीची परीक्षा आटोपली की जवळच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाव घालायचे, ही अनेक पिढ्यांची रीत. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. यंत्रावरील परीक्षेत मराठी ३० व ४०, इंग्रजी ३० पासून ६० शब्द प्रति मिनिट अशा पायऱ्या होत्या.

वर्ग बहुधा एखाद्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असे, आणि पत्ता जिन्यातूनच आवाजाने कळे. रांगेने मांडलेली यंत्रे, त्यांतील एखाद्याचा ‘ए’ कायम वर उडालेला. तासाची पाळी संपली की पुढचा मुलगा खुर्चीमागे येऊन उभा राही. पहिले आठवडे फक्त मधल्या ओळीच्या कळा, करंगळीच्या ताकदीसाठी. बोटांकडे पाहिल्यास सर टेबलावर पट्टी आपटत. मराठी यंत्रावर ‘कि’ उमटविताना आधी वेलांटी आणि मग ‘क’ दाबावा लागे, म्हणजे अक्षर जसे दिसते तसे. काही अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत पुरी होत. संगणकावरील इनस्क्रिप्ट पद्धतीत क्रम उच्चाराचा, म्हणून ‘क’ आधी. त्यामुळे यंत्रावर तयार झालेल्या बोटांना नवी पद्धत शिकणे कोऱ्या बोटांपेक्षा जड जाते.

गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथेही त्यांचे उत्पादन होत असे. २००९ नंतर ते थांबले. परीक्षा त्यानंतरही काही वर्षे यंत्रांवरच होत राहिल्या आणि मग पूर्णपणे संगणकावर आल्या. शासकीय लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. नोकरीच्या नियमांत थेट नाव असलेले हे प्रमाणपत्र. त्यामुळे अभ्यासक्रम सर्वांत अरुंद असूनही त्याची पत टिकली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम त्याच सुटीतला पुढचा सोबती. लघुलेखनाचे वर्ग आता थोडे उरले आहेत.

पाबळचा प्रयोग : पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग (मृत्यू २००३) यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथील ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय राज्य मंडळाने आठवी ते दहावीसाठी पूर्वव्यावसायिक विषय म्हणून स्वीकारला. तो वाणिज्याचा नव्हे. वर्कशॉप, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे भाग. तरीही त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण मुले गावासाठी प्रत्यक्ष कामे करून त्यांचे पैसे घेतात आणि प्रत्येक कामाची किंमत काढतात. लोखंडी स्टूल करायचे तर पट्टीची लांबी, वजन, दर, वेल्डिंगचे रॉड, वीज, रंग आणि मजुरी मांडूनच बिल. परिव्यय लेखाशास्त्राचा पाया नववीतल्या मुलाला इतक्या थोडक्यात वाणिज्य गटातही क्वचितच मिळतो.

राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा : केंद्राने डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित केला. त्यानुसार नववीपासून रिटेल, माहिती तंत्रज्ञान, पर्यटन इत्यादी विषय शाळांत आले. अभ्याससाहित्य मुख्यतः भोपाळच्या पं. सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यवसाय शिक्षण संस्थेचे (स्थापना १९९३). रिटेलच्या वर्गात मॉलमधील मांडणी शिकविली जाते. गावातील किराणा दुकानाची उधारीची वही अभ्यासक्रमात नाही.

गोवा : उच्च माध्यमिक स्तरावर कला, वाणिज्य व विज्ञान यांच्या जोडीने व्यावसायिक शाखा आहे.

अन्यत्र : केरळमध्ये व्यावसायिक उच्च माध्यमिक शिक्षण १९८३-८४ पासून. अमेरिकेत १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारागिरी आणि गृहशास्त्र यांच्या शालेय शिक्षणाला केंद्राचा निधी दिला आणि कार्यालयीन शिक्षण वगळले. त्याचा समावेश १९६३ च्या कायद्यात झाला.