लोकरीचा गुंडा आणि काडाचे सोंग

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ साली ‘हॅलोवीन’ या नावाचे एक दीर्घ काव्य लिहिले आणि खेड्यापाड्यांतील चालीरीती परक्या वाचकास समजाव्यात म्हणून त्यास टिपाही जोडल्या. त्यांपैकी एक टीप मोठी मनोवेधक आहे. लग्नाळू मुलीने ३१ ऑक्टोबरच्या रात्री, कोणास न सांगता, धान्य वाळवण्याच्या भट्टीपाशी एकटीने जावे. निळ्या लोकरीचा गुंडा भट्टीच्या अंधाऱ्या पोटात सोडावा आणि धागा वर ओढीत त्याचा दुसरा गुंडा करू लागावे. पहिला गुंडा संपत आला की खालून कोणीतरी धागा धरून ठेवतो. कोण आहे म्हणून विचारताच भावी नवऱ्याचे नाव आणि आडनावही ऐकू येते! गावातील एखादा खट्याळ तरुण आधीच आत दडून बसत असेल, ही शंका त्या काळच्या मुलींनाही आली असेलच. पण शंका आली म्हणून कोणी खेळ सोडीत नाही.

आज हॅलोवीन म्हटले की अमेरिकेतील कोरलेले भोपळे, मिठाईच्या पिशव्या आणि दुकानातून आणलेले भुताखेतांचे पोशाख डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्या मूळ मुलुखात ही रात्र बाजाराची नव्हती. घरात जे असेल त्यावर ती साजरी होई. लोकर होती, धान्याचे काड होते, चुलीची काजळी होती, शेतातले सलगम होते. एवढ्या सामग्रीवर माणसे एका रात्रीपुरती स्वतःस हरवून बसत.

या सणाच्या उगमाविषयी थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच की, आयर्लंड व स्कॉटलंड येथील केल्टिक लोकांचे हिवाळी वर्ष नोव्हेंबरच्या आरंभी सुरू होई आणि त्या संधिकाळास ते ‘साउइन’ म्हणत. नवव्या शतकात ख्रिस्ती धर्मसंस्थेने सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला सर्वत्र रूढ केला. पुढे दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचा प्रमुख ओडिलो याने २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या प्रार्थनेचा दिवस ठरविला. गोव्यातील ख्रिस्ती घराण्यांत दफनभूमीवर दिवे लावण्याचा जो दिवस पाळला जातो, तो हाच. संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या म्हणून ३१ ऑक्टोबरच्या रात्रीस हॅलोवीन हे नाव पडले. जुने काय आणि नवे काय, हे वेगळे काढण्याचा खटाटोप विद्वानांनी पुष्कळ केला आहे. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही.

सोंगे घेऊन घरोघर फिरण्याची प्रथा मात्र अधिक जवळून पाहण्यासारखी आहे. तिचे उत्तम उदाहरण स्कॉटलंडच्याही उत्तरेस असलेल्या शेटलँड बेटांवर सापडते. ही बेटे १४६९ पर्यंत डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाच्या ताब्यात होती. राजकन्येच्या हुंड्यापोटी ती तारण म्हणून स्कॉटलंडच्या राजाकडे आली आणि ते तारण कधी सोडवलेच गेले नाही. झाडे जवळजवळ नाहीत, वारा अखंड, आणि डिसेंबरात दिवसाचा उजेड सहा तासही टिकत नाही. अशा ठिकाणी हॅलोमासच्या व नाताळच्या दिवसांत ‘स्केक्लर’ निघत. ओटच्या काडाचा घोळदार घागरा, खांद्यावर काडाचीच झूल, डोक्यावर काड वळून केलेली उंच निमुळती टोपी, तिच्या टोकास रंगीत फिती आणि तोंडावर फडके. फेटलार बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या एका छायाचित्रात अशी सोंगे उभी आहेत. ती पाहताना कोकणातील शिमग्याच्या संकासुराची आठवण होते. संबंध काही नाही. पण तोंड झाकून, उंच टोपी घालून दुसऱ्याच्या अंगणात शिरण्याची माणसाची हौस फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली आहे, एवढे खरे.

या टोळीच्या म्होरक्यास ‘स्कडलर’ म्हणत. बरोबर एखादा व्हायोलिनवादक असे. दारात आल्यावर सोंगे बोलत, पण श्वास बाहेर सोडून नव्हे, तर आत ओढून. म्हणजे आवाजावरूनही ओळख पटू नये. जेथे सारे गाव एकमेकांस चालण्यावरून ओळखते, तेथे अनोळखी होणे सोपे नव्हे. घरच्यांनी तर्क करावा, चुकावे, हसावे, आणि मग शिधा द्यावा, असा क्रम असे. मिळालेल्या शिध्यावर पुढे सर्वांचे जेवण होई. काडाचा तो पोशाख हाताने वळलेला, एका मोसमापुरता, आणि पुढे निकामी. त्याला किंमत नव्हती, हेच त्याचे वैशिष्ट्य होते.

आता त्याच घरातील दुसऱ्या हस्तकलेकडे वळावे. शेटलँडची मेंढी लहानखुरी असते. तिच्या मानेखालची लोकर इतकी मऊ की ती कात्रीने न कापता हाताने उपटून घेत. तेथील स्त्रिया विणकामास ‘मक्किन’, म्हणजे नुसते ‘करणे’, असे म्हणत. जणू दुसरे करण्यासारखे काम जगात नव्हतेच. कमरेस चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस भरलेली छिद्रांची गादी, त्या छिद्रात सुईचे एक टोक रोवलेले. त्यामुळे एक हात मोकळा राही आणि चालता चालता विणता येई. पाठीवर जळाऊ पीटची जड टोपली आणि हातात सुया, अशी स्त्रियांची चित्रे व छायाचित्रे एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी हौसेने जमविली. त्या चित्रांतील रम्यता प्रवाशांची होती. टोपली त्या स्त्रियांच्या पाठीवर होती.

पुरुष खोल समुद्रात उघड्या होड्यांतून मासेमारीस जात. जुलै १८८१ मध्ये एका वादळात येल बेटावरील ग्लूप गावच्या परिसरातील १० होड्या बुडाल्या आणि ५८ पुरुष गेले. अशा मुलुखात सुई ही करमणूक नव्हती. अन्स्ट बेटावरील जाळीदार शाली इतक्या तलम की सुमारे दोन वार लांबरुंद शाल लग्नाच्या अंगठीतून पार होई. या मालास प्रतिष्ठा मिळवून देण्यात आर्थर अँडरसन या शेटलँडच्याच माणसाचा मोठा वाटा होता. त्याने १८३७ साली व्हिक्टोरिया राणीस येथले विणलेले पायमोजे नजर केले. ज्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटी पुढे शंभर वर्षे मुंबई बंदरात ये-जा करीत राहिल्या, तिच्या संस्थापकांपैकी हा एक. राणीने पसंत केलेली वस्तू लंडनच्या बाजारात चढ्या भावाने खपू लागली.

विणणारीच्या हाती मात्र पैसा पडत नसे. व्यापारी मालाच्या मोबदल्यात माल देई. चहा, कापड, फिती असे जिन्नस घ्यावे लागत. नाहीतर पुढे माल नेण्याची एक चिठ्ठी मिळे. खावटीच्या नावाखाली शेतकऱ्यास बांधून टाकणारी सावकारी ज्यांनी पाहिली वा ऐकली आहे, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. १८७२ साली विल्यम गुथ्री यांनी सरकारतर्फे या पद्धतीची चौकशी केली, तेव्हा विणकर स्त्रियांनी दिलेल्या साक्षी नोंदल्या गेल्या. त्या आजही वाचावयास मिळतात. अंगावर घालावयास कापड आहे पण घरात खाण्यास पीठ नाही, म्हणून मिळालेला चहा शेजारीपाजारी देऊन त्याच्या बदल्यात पीठ आणावे लागते, अशी ती कथा. १८८७ च्या कायद्याने या व्यवहारास आळा घालण्याचा प्रयत्न झाला. परंतु ही प्रथा पुरती नाहीशी व्हावयास आणखी अनेक वर्षे जावी लागली. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्र्यूज येथे गोल्फ खेळताना फेअर आइलचा रंगीबेरंगी स्वेटर घातला आणि त्या नमुन्याची एकच लाट उसळली. राजपुत्राचे नाव सर्वतोमुखी झाले. असो.

विक्रीसाठी विणलेली शाल परक्या खांद्यावर गेली. घरात राहिली ती ‘हॅप’, म्हणजे नित्याच्या वापराची जाड, ऊबदार चादर. तान्ह्या मुलास तीत गुंडाळीत, पाण्यास जाणारी स्त्री ती छातीवर आवळून बांधी. तिचे टाके कोणी मोजले नाहीत आणि तिचा भावही कोणी केला नाही. काडाचे सोंग आणि घरची हॅप ही या दृष्टीने एकाच जातीची होत. बाजाराच्या वहीत दोहोंचीही नोंद नाही. फरक इतकाच की एकीत माणूस ओळखू येऊ नये अशी खटपट असे, तर दुसरीत कोणाच्या हातचे विणकाम आहे हे घरातल्या माणसास न सांगता समजे.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अमेरिकेस गेली. स्कॉटलंडहूनही माणसांचा ओघ चालूच होता. त्यांच्याबरोबर हॅलोवीनही गेले. तेथे सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. तो मोठा, आणि कोरावयास कितीतरी सोपा. पोशाख प्रथम घरीच होत. एबेनेझर बटरिकने १८६३ पासून कागदी बेतांचा धंदा सुरू केला होता, त्यामुळे शिवणयंत्र असलेल्या गृहिणीस कापड बेतणे सुकर झाले. १९०९ साली मॅसेच्युसेट्समधील डेनिसन कंपनीने हॅलोवीनच्या सजावटीची व पोशाखांची एक पुस्तिका काढली. हेतू अर्थातच आपला सुरकुतीदार क्रेप कागद खपावा हा. पण त्या पुस्तिकेत तयार पोशाख नव्हता. तो कसा करावा याची माहिती होती. घरचा हात आणि बाजाराचा माल यांची ती काही काळापुरती तडजोड म्हणता येईल. कागदाच्या त्या झालरी दिव्याजवळ जाणे मात्र धोक्याचे होते.

१९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बेन कूपर यांची कंपनी निघाली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात मुखवटा व अंगरखा असे तयार सोंग मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेवर १९४२ पासून नियंत्रण आले आणि ते १९४७ च्या जूनपर्यंत टिकले. ते उठल्यावर मुलांचे मिठाईसाठी घरोघर हिंडणे देशभर बोकाळले व खोक्यातील सोंगांचा खप त्याबरोबर वाढला. ही सोंगे चित्रपटातील, चित्रमालिकांतील व पुढे दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध पात्रांची असत. गंमत अशी की कित्येक अंगरख्यांच्या छातीवर त्या पात्राचे चित्र आणि नावही छापलेले असे. शेटलँडचा स्केक्लर आवाजही ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढून बोलत होता. येथे सोंग कोणाचे हे न ओळखता आले तर पंचाईत, म्हणून नाव छातीवर!

खोक्यातील पोशाख स्वस्त होता, आणि आई नोकरी करीत असेल तर तो मोठाच आधार होता, हे विसरून चालणार नाही. परंतु स्वस्ताईची दुसरी बाजूही होती. १९४० च्या दशकात मुलांच्या काउबॉय पोशाखांतील केसाळ रेयॉनने पेट घेऊन काही मुले दगावली. या व अशाच दुर्घटनांमुळे अमेरिकेत १९५३ साली ज्वालाग्राही कापडाविषयीचा कायदा झाला. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, ही गोष्ट कोणत्याही आजीस ठाऊक होती. ज्या घरांत सुया टिकून राहिल्या, तेथे मुलांच्या सोंगातही त्या शिरल्या. तान्ह्या बाळास भोपळ्याच्या आकाराची नारिंगी टोपी, थोरल्यास मांजराचे कान असलेली, आणि थंडी वाजू नये म्हणून सोंगाच्या आत एक जाड स्वेटर. हा आतला स्वेटर कोणाच्या छायाचित्रात येत नाही.

शेटलँडमध्ये मुलांना शाळेत विणकाम शिकविण्याची सोय दीर्घकाळ होती. २०१० मध्ये खर्चकपातीच्या काळात तेथील स्थानिक परिषदेने ती बंद केली. ज्या हातांवर त्या बेटांची कीर्ती उभी राहिली, त्यांचे शिक्षण प्रथम काटले जावे, हे हिशेबाच्या वहीत बरोबर असेल. इतिहासाच्या वहीत ते विचित्रच दिसते. त्यानंतर काही वर्षांनी गावोगावच्या जाणत्या विणकरांनी स्वयंसेवक म्हणून मुलांचे वर्ग पुन्हा सुरू केले. पट्टा कमरेस कसा बांधावा येथपासून ते शिकवितात.

सोंगांची परंपराही तेथे थांबली नाही, तिने ऋतू तेवढा बदलला. राजधानी लर्विक येथे जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी ‘अप हेली आ’ हा मशालींचा उत्सव होतो. १८७० च्या दशकात त्यास आजचे वळण लागले आणि १८८९ पासून त्यात प्राचीन दर्यावर्दींच्या नौकेची प्रतिकृती जाळली जाऊ लागली. सुमारे एक हजार सोंगे मशाली घेऊन निघतात. पोशाखांची तयारी महिनोन्‌महिने गुप्तपणे चालते. लर्विकच्या या मिरवणुकीत सोंगे मात्र पुरुषांचीच असत. रात्रभर सभागृहांतून पाहुण्यांस जेवू घालण्याचे आणि पोशाखांसाठी सुईदोरा चालविण्याचे काम स्त्रियांकडे होते. बेटांवरील इतर गावांच्या उत्सवांत स्त्रिया पूर्वीच सामील झाल्या होत्या. राजधानीत पुष्कळ वाद झाला, आणि अखेर जानेवारी २०२३ मध्ये लर्विकच्या मिरवणुकीत स्त्रिया व मुली प्रथमच सोंगे घेऊन, हातात मशाली धरून चालल्या.