गिनीपिग : एका पिंजऱ्यातील दोन माद्यांचे भांडण

गिनीपिग (केव्हिया पोर्सेलस) हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशात हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला कृंतक, म्हणजे कुरतडून खाणारा प्राणी. पेरू, बोलिव्हिया, इक्वाडोर या देशांत तो ‘कुय’ या नावाने आजही मांसासाठी पाळतात. सोळाव्या शतकात तो यूरोपात पोहोचला आणि तिथे घरातला लाडका झाला. त्याचे रानटी भाईबंद लहान लहान कळपांत राहतात. एकटेपण त्याला सोसत नाही, म्हणूनच स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनी गिनीपिग एकटा ठेवायला मनाई केली आहे. घरी पाळण्यासाठी दोन माद्यांची जोडी सोयीची मानतात, कारण पिल्लांचा प्रश्न येत नाही आणि दोन नरांच्या मानाने त्यांचे सहसा बरे जमते. तरी त्या कधीच भांडत नाहीत असे मात्र नाही.

दोन माद्या एकत्र आल्या की वरचढ कोण हे आधी ठरावे लागते. एक दुसरीचा पाठलाग करते, तिच्या ढुंगणाला हुंगते, अंगावर चढते, घुर्र असा खालच्या सुरातला आवाज काढत डुलत चालते, तिच्या तोंडातली कोथिंबीर ओढून नेते. दुसरी किंचाळते, पळते, प्रसंगी मागे लघवीची चिळकांडी उडवते. पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण यात वावगे काही नाही. ही उतरंड ठरायला काही तासही लागतात, काही आठवडेही. अशा वेळी दोघींना वेगळे करणे ही पाळणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक. बोलणे अर्धवट तुटते आणि पुन्हा एकत्र ठेवले की भांडण पहिल्यापासून सुरू होते.

खऱ्या मारामारीची चिन्हे वेगळी असतात. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, मानेवरचे केस फुलतात, डोके वर जाते, जांभई दिल्यासारखा जबडा उघडून पुढचे दात दाखवले जातात आणि दातांची कटकट थांबत नाही. थोडा वेळ दात वाजले आणि एक बाजूला झाली, तर प्रश्न तिथेच मिटला. दोघीही मागे हटत नसतील तर पुढची पायरी झेप घेऊन चावण्याची. एकमेकींत गुंतून त्यांचा गोळा झाला किंवा रक्त दिसले की विचार करत बसू नये, त्यांना तत्काळ सोडवावे. मात्र मध्ये उघडा हात घालू नये. चवताळलेला गिनीपिग धन्याचे बोटही ओळखत नाही आणि त्याचे दात खोल जातात. दोघींवर जाड टॉवेल टाकावा किंवा मध्ये केराची सुपली सरकवावी. जखम केसांत झाकली जाते, म्हणून केस बाजूला सारून अंग तपासावे. चाव्याची जखम लहान दिसली तरी आत पू धरतो, तेव्हा पशुवैद्याला दाखवणे आवश्यक.

कारणे : सर्वांत साधे कारण अडचणीची जागा. दुकानात गिनीपिगचा म्हणून मिळणारा पिंजरा बहुधा एकालाही पुरत नाही. दोघींना निदान १२० सेंमी. × ६० सेंमी. मोकळी जमीन हवी. वरचे मजले त्यात धरू नयेत, कारण गिनीपिग चढणारा प्राणी नव्हे, धावणारा आहे. दुसरे कारण एकच वाटी, एकच बाटली, एकच घर. प्रत्येक वस्तू दोन ठेवाव्यात, त्याही लांब लांब, आणि लपायच्या घराला दोन दारे असावीत. एकच दार असले की वरचढ मादी तिथे बसते आणि दुसरी आत कोंडली जाते. वाळलेले गवत मात्र दोन-तीन ठिकाणी भरपूर पसरावे. तोंड चरण्यात गुंतले की भांडायला सवड उरत नाही. माद्यांना साधारण १५ ते १७ दिवसांनी माज येतो. त्या वेळी एरवी शांत असलेली मादीही दुसरीवर चढते आणि दिवस-दीड दिवसात निवळते. दुकानातून नुकत्याच आणलेल्या जोडीत एक गाभण असणे किंवा ‘मादी’ म्हणून दिलेला प्राणी नर निघणे, हेही नवलाचे नाही. लिंग जाणत्या पशुवैद्याकडून पक्के करून घ्यावे.

दोन-तीन वर्षे गुण्यागोविंदाने राहिलेल्या माद्यांपैकी एक अचानक हिंसक झाली, तर तो स्वभावदोष न मानता आजार समजावा. वयात आलेल्या माद्यांच्या अंडाशयात द्रवाने भरलेल्या गाठी होणे फार आढळते. मादी सतत माजावर असल्यासारखी वागते, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होतात, पोट फुगते. यावर संप्रेरकांची इंजेक्शने किंवा शस्त्रक्रिया हे उपाय आहेत, आणि त्यानंतर तंटा बहुधा मिटतो. दातांचे दुखणे, खरूज, मूतखडा यांनीही प्राणी चिडतो. उलटही घडते : आजारी मादी दुबळी होते आणि आजवर दबून असलेली दुसरी तिच्यावर उठते. यासाठी आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघींचे वजन करून लिहून ठेवावे. घटत चाललेले वजन भांडणाच्या आधी बोलते; दबलेल्या मादीला खाऊ मिळत नसल्याचेही तेच सांगते.

पुन्हा जुळवणे : रक्त निघालेल्या जोडीला काही दिवस जाळीच्या दोन बाजूंना ठेवावे, म्हणजे नजर आणि वास तुटत नाही. जखमा भरल्या की दोघींनाही परक्या असलेल्या जागी, खोलीच्या मोकळ्या जमिनीवर, मध्ये गवताचा ढीग घालून सोडावे आणि काही तास जवळ बसून राहावे. पिंजरा धुऊन, मांडणी बदलून मगच दोघींना एकदम आत घ्यावे. वास एक व्हावा म्हणून दोघींना एकत्र आंघोळ घालण्याचा सल्ला ऐकू येतो. तो पाळू नये. भिजलेला, घाबरलेला प्राणी आणखीच बिथरतो.

दोन-तीन प्रयत्नांनंतरही रक्तच निघत असेल, तर त्या जोडीचे जमत नाही हे मान्य करावे. तेव्हाही एकीला दुकानात परत देऊ नये. मधली जाळी कायमची ठेवून दोघींना शेजारी शेजारी राहू द्यावे.