करपत्रापासून चेनसॉपर्यंत : काशीत सांगितलेला हत्यारांचा धडा

झाडांच्या फांद्या छाटण्यासाठी आता सर्रास दिसू लागलेली बॅटरीवरची चेनसॉ पाहून तिचे कूळ शस्त्रक्रियेच्या दालनात सापडेल, असे कोणाच्या मनात येणार नाही. इतिहास मात्र तसाच आहे. फिरत्या साखळीने कापण्याची कल्पना आधी माणसाच्या हाडासाठी सुचली. लाकडाची पाळी त्यानंतर शंभरेक वर्षांनी आली. आणि हाड कापायच्या करवतीविषयीची जगातील अत्यंत जुनी लेखी शिस्त ज्या परंपरेने जपली, ती स्वतःला वाराणसीची म्हणवते.

सुश्रुतसंहितेत काशिराज दिवोदास धन्वंतरी सुश्रुतादी शिष्यांना शल्यतंत्र शिकवतो. ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत एकमत नाही. त्यात अनेक शतकांचे थर आहेत. पण सूत्रस्थानाचा आठवा अध्याय वाचताना लिहिणाऱ्याने हत्यारे हाताळली होती, याविषयी शंका राहत नाही. तेथे वीस शस्त्रांची यादी आहे व तीत ‘करपत्र’ आहे. हाच शब्द प्राकृतातून घरंगळत मराठीत ‘करवत’ झाला. (काशीत करवतीखाली देह ठेवून मोक्ष मिळवण्याची लोककथा आणि ‘काशी करवत’ नावाचे तेथील मंदिर हा याच शब्दाचा दुसरा, काहीसा अंगावर येणारा प्रवास.)

शस्त्राचे आठ दोष या अध्यायात मोजले आहेत : वाकडे असणे, बोथट असणे, तुटके असणे, धार खरबरीत असणे, फार जाड, फार बारीक, फार लांब किंवा फार आखूड असणे. यांतील खरबरीत धारेच्या दोषाला लगेच अपवाद जोडलेला आहे. करपत्राची धार खरबरीतच हवी, कारण त्याचे काम हाड छेदण्याचे. मला हा अपवाद त्या नियमांहून मोलाचा वाटतो. जे एका हत्याराचे वैगुण्य तोच दुसऱ्याचा गुण, हे काम करणाऱ्यालाच सुचते.

पुढे देखभाल येते. हाड छेदणाऱ्या शस्त्राला क्षाराचे पाणी द्यावे. धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा असावी. लावलेली धार टिकावी म्हणून सावरीच्या लाकडाची फळी असावी. शस्त्र केस कापू लागले की ते कामाला योग्य समजावे. नवव्या अध्यायात विद्यार्थ्याने रोग्याला हात लावण्यापूर्वी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदनाचा सराव करावा, असे सांगितले आहे. त्याआधी सातव्या अध्यायात १०१ यंत्रे मोजून त्या सर्वांत प्रधान यंत्र हात, असे म्हटले आहे. हे वाक्य आपण जपून ठेवू, पुढे लागेल.

युरोपातील शल्यवैद्यांसमोर अठराव्या शतकाच्या अखेरीस तोच प्रश्न निराळ्या रूपात उभा होता. सरळ करवत अवघड जागी पोहोचत नाही. एडिंबराचे जॉन एटकेन आणि ग्लासगोचे जेम्स जेफ्री यांच्या नावाशी जोडलेली लवचीक करवत म्हणजे घड्याळातल्या साखळीसारखी दातेरी साखळी होती. हाडाखालून ती ओवायची आणि दोन्ही टोकांच्या मुठी आळीपाळीने ओढायच्या. अडलेल्या बाळंतपणात ओटीपोटाचा सांधा मोकळा करण्यासाठी आणि सडलेले हाड काढण्यासाठी तिचा उपयोग होई. १८३०च्या सुमारास वुर्झबर्गच्या बर्नहार्ड हायने यांनी साखळी एका पात्याभोवती वळवून तिला हँडल लावले. आजच्या चेनसॉची आकृती तेथे पूर्ण झाली. फक्त ती हाताने फिरत होती.

लाकडाकडे वळताना पहिली नोंद घ्यावी ती ही की वीज पेट्रोलच्या आधी आली. आंद्रेआस श्टील यांची १९२६ची करवत विजेवर चालणारी होती व तिला दोन माणसे लागत. १९२७ साली एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली आणि जंगलात वीज नसल्याने पुढची अनेक दशके पेट्रोलची झाली. साखळीतला मोठा बदल १९४६-४७चा. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी निरखली. ती लाकूड खरडत नव्हती. वाकड्या जबड्यांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तासत जात होती. आजही साखळीवर डावा दात, उजवा दात असा आळीपाळीचा क्रम असतो, तो त्या अळीचा. लिथियम-आयन बॅटरी १९९१मध्ये बाजारात आली, तिच्या मूळ संशोधकांना २०१९चे नोबेल मिळाले, आणि १९२६ची विजेची करवत तारेतून सुटून झाडाखाली परतली.

ती शांत झाली, आणि येथेच एक नवा धोका शिरला. पेट्रोलची करवत थांबलेली असतानाही गुरगुरते. जवळचा माणूस सावध राहतो. बॅटरीची करवत निःशब्द पडून असते आणि खटका दाबताच साखळी सेकंदाला २० मीटरच्या घरात धावू शकते. म्हणून साखळी ताणणे, अडकलेली ढलपी काढणे, दाताला कानस लावणे, यांपैकी कशालाही हात घालण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूला ठेवायची. याला सूट नाही. दुसरा धोका उसळीचा. पात्याच्या टोकाच्या वरच्या चतुर्थांशात दात कशाला अडला तर साखळीचा सारा वेग उलटून पाते वर व मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फेकले जाते. माणसाला कळेपर्यंत ते घडून गेलेले असते. म्हणून पुढच्या हातासमोरचा साखळीचा ब्रेक रोज तपासावा, अंगठा मुठीभोवती पूर्ण वळवावा, खांद्याच्या वर करवत उचलू नये, शिडीवरून किंवा एका हाताने कापू नये. संरक्षक विजारीतले तंतू साखळीत गुंतून तिला थांबवतात हे खरे. पण विद्युत मोटर कमी वेगातही पूर्ण जोर लावते, त्यामुळे त्या विजारीवर सगळी भिस्त ठेवणे चुकीचे.

केस कापण्याच्या कसोटीची जागा आज भुशाने घेतली आहे. धारदार साखळी जाडसर कपच्या टाकते, बोथट साखळी पिठासारखा भुसा. पीठ दिसू लागले की माणूस नकळत जोर लावतो, पाते तापते आणि घात तेथे होतो. गंगेकाठच्या आंब्या-निंबाच्या सालीत धूळ-वाळू भरलेली असते. अशा बुंध्यावर धार लवकर जाते आणि जमिनीला एकदा टेकलेली साखळी तर तेवढ्यानेच बोथट होते. ठरलेल्या जाडीची गोल कानस घ्यावी, कोन साधारण ३० अंशांचा राखावा, डाव्या-उजव्या दातांना सारख्याच ओढी द्याव्यात. नाहीतर काप एका बाजूला ओढला जातो. इंजिन नाही म्हणून तेल नको, असा समज आढळतो. पात्याच्या खोबणीला तेल लागतेच. साखळी गरम झाली की लांबते, म्हणून ताण कामाच्या मध्येही पाहावा आणि काम संपल्यावर थोडा सैल करावा.

उरली बॅटरी. वाराणसीत मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि लू वाहत असते. उन्हात ठेवलेली किंवा नुकतीच कामावरून तापून आलेली बॅटरी तशीच चार्जरला लावू नये. सावलीत निवू द्यावी, मग जोडावी. महिनाभर काम नसेल तर ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी भरून, करवतीतून काढून, कोरड्या जागी ठेवावी.