डेल्फ्टमधील दोन निरीक्षणे : अंडपेशी आणि शुक्रपेशी यांच्या शोधाचा इतिहास

अंडपेशी आणि शुक्रपेशी यांच्या मीलनातून मानवी गर्भ निर्माण होतो, हे विधान आज शालेय पाठ्यपुस्तकात आढळत असले, तरी ते निःसंशय सिद्ध व्हायला सुमारे दोनशे वर्षे लागली. आणि या दीर्घ शोधाची दोन्ही टोके सतराव्या शतकात डेल्फ्ट या एकाच डच शहरात, अवघ्या पाच वर्षांच्या अंतराने हाती आली होती. १६७२ मध्ये तेथील वैद्य रेनिये द ग्राफ याने स्त्रीच्या जननेंद्रियांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १६७७ मध्ये तेथीलच कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने वीर्यातील शुक्रपेशी पाहिल्या. हे दोघे परस्परांना चांगले ओळखत होते, तरीही त्यांचे शोध एकमेकांना पूरक ठरण्याऐवजी दीर्घकाळ एकमेकांविरुद्ध उभे राहिले.

त्या काळी स्त्रीच्या अंडाशयांना ‘स्त्रीचे वृषण’ म्हटले जाई, कारण प्राचीन वैद्य गालेन याच्या परंपरेनुसार स्त्री आणि पुरुष या दोघांचेही बीज द्रवरूप मानलेले होते. विल्यम हार्वी याने १६५१ च्या ग्रंथात सर्व प्राण्यांची उत्पत्ती अंड्यापासून होते असे प्रतिपादन केले; परंतु इंग्लंडच्या राजाच्या शिकारीतील हरिणींची गर्भाशये उघडून पाहूनही सस्तन प्राण्याचे अंडे त्याच्या दृष्टीस पडले नाही. पुढे १६६७ मध्ये नील्स स्टेन्सन, म्हणजेच स्टेनो, याने पिल्लांना जन्म देणाऱ्या एका शार्क जातीच्या माशाच्या विच्छेदनावरून असा तर्क मांडला, की स्त्रीचे तथाकथित वृषण हे वस्तुतः अंडी धारण करणारे इंद्रिय असावे.

या तर्काला प्रयोगाचा आधार द ग्राफने दिला. त्याने सशांच्या माद्या निवडल्या, आणि ही निवड अत्यंत उपयुक्त ठरली. कारण सशामध्ये अंडमोचन, म्हणजे अंडाशयातून अंडपेशी बाहेर पडण्याची क्रिया, समागमानंतरच घडते आणि त्यामुळे काळाचा हिशेब चोख राहतो. समागमानंतर अर्ध्या तासापासून कित्येक दिवसांपर्यंत ठरावीक अंतराने त्याने माद्यांचे विच्छेदन केले. अंडाशयावरील द्रवाने भरलेल्या फोडासारख्या पिशव्या, ज्यांना आज पुटिका म्हणतात, प्रथम लालसर होतात, मग फुटून रिकाम्या होतात आणि त्यांच्या जागी घट्ट पिंड तयार होतात, हे त्याने टिपले. तिसऱ्या दिवशी अंडवाहिनी आणि गर्भाशय यांत त्याला अतिसूक्ष्म गोलक सापडले. त्यांची संख्या रिकाम्या झालेल्या पुटिकांशी जुळत होती, परंतु त्यांचा आकार पुटिकेच्या सुमारे दशांश होता. त्यावरून पुटिकेतील केवळ एक भाग बाहेर पडत असावा, असे योग्य अनुमान त्याने केले. मात्र पुटिकेच्या आत ते अंडे त्याला प्रत्यक्ष दिसले नाही.

एप्रिल १६७३ मध्ये द ग्राफने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून लेव्हेनहूकच्या भिंगांची ओळख करून दिली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्याने उघडलेल्या या दारातूनच चार वर्षांनंतर लेव्हेनहूकचे निरीक्षण जगापुढे गेले. लायडनच्या योहान हाम या विद्यार्थ्याने एका रुग्णाच्या वीर्यात हलणारे जीव पाहिल्याचे सांगितल्यावर लेव्हेनहूकने निरोगी पुरुषाचे, म्हणजे स्वतःचे, वीर्य तपासले. ते वैवाहिक संबंधातूनच मिळालेले आहे असा निर्वाळा देऊन त्याने सोसायटीच्या अध्यक्षांना कळवले, की हा मजकूर विद्वानांना अनुचित वाटल्यास तो प्रसिद्ध करू नये. वाळूच्या एका मोठ्या कणाएवढा आकार व्हायला असे दहा लाख जीवही पुरणार नाहीत, असा त्याचा अंदाज होता.

येथूनच दोन शोधांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गर्भ आधीपासूनच सूक्ष्म रूपात तयार असतो आणि पुढे केवळ वाढतो, या ‘पूर्वनिर्मिती’च्या मताचा प्रभाव असल्याने विद्वानांनी अंडे आणि शुक्रपेशी एकत्र कशा येतात हे विचारण्याऐवजी तो तयार गर्भ दोहोंपैकी कोणात असतो, एवढाच प्रश्न विचारला. लेव्हेनहूक शुक्रपेशीच्या बाजूने राहिला आणि एवढ्या मोठ्या पुटिका अरुंद अंडवाहिनीतून जाणे अशक्य आहे, असा आक्षेप त्याने घेतला. वास्तविक त्याचे उत्तर दशांशाच्या त्या मापात, त्याच्याच शहरात लिहिल्या गेलेल्या ग्रंथात होते. दुसऱ्या पक्षाने शुक्रपेशींना वीर्यातील परजीवी ठरवले.

१७९७ मध्ये विल्यम क्रुकशँक याने सशांवरील प्रयोगाची पुन्हा तपासणी करून द ग्राफचे निरीक्षण खरे ठरवले आणि १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फोन बेअर याने एका कुत्रीच्या पुटिकेतील पिवळसर ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सस्तन प्राण्याची अंडपेशी प्रथमच पाहिली. मानवी अंडपेशीचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटर असतो, म्हणजे ती नुसत्या डोळ्यांनाही जेमतेम दिसू शकते; तरीही तिच्याहून कितीतरी लहान शुक्रपेशी दीडशे वर्षे आधी सापडली, कारण वीर्य सहज हाती येते आणि अंडपेशी मात्र शरीराच्या आत, पुटिकेच्या द्रवात दडलेली असते. विशेष म्हणजे शुक्रपेशींना ‘बीजातील प्राणी’ या अर्थाचे स्पर्मॅटोझोआ हे नाव फोन बेअरनेच दिले आणि तोही त्यांना परजीवीच मानत होता. अखेर १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविग याने सी-अर्चिन या सागरी प्राण्याच्या पारदर्शक अंड्यात दोन केंद्रकांचे मीलन दाखवले आणि जुना वाद निरर्थक ठरला.

पुटिका हे अंडे नसले, तरी द ग्राफच्या नोंदींचे मोल त्यामुळे कमी झाले नाही. वाढणारी पुटिका इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे दूरच्या इंद्रियांना संदेश देणारे रसायन, स्रवते. आणि ती फुटल्यावर तयार होणारा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन स्रवून गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी सज्ज ठेवतो. लुडविग फ्रेंकेल याने १९०३ मध्ये पीतपिंड नष्ट केल्यास गर्भ टिकत नाही हे दाखवले, आणि त्यासाठी त्याने वापरलेले प्राणीही ससेच होते. डेल्फ्टच्या वैद्याने रिकाम्या पुटिकांच्या जागी जे पिंड एकेक करून मोजले होते, तेच गर्भाचे पहिले पोषणकर्ते ठरले.