हायड्रॉलिक क्लच : हवा काढताना आढळणारे दोष

क्लच पेडलवर दिलेला जोर तारेऐवजी ब्रेक ऑइलच्या दाबाने क्लचपर्यंत पोचवणारी यंत्रणा. पेडलपाशी मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर आणि दोघांना जोडणारी नळी हे तिचे मुख्य भाग. मारुती ८०० मध्ये क्लच तारेने ओढला जाई. स्कॉर्पिओसारख्या जड गाडीत तो तेलाच्या दाबावर चालतो. तेल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते. नळीत बुडबुडा राहिला की पायाचा जोर तो दाबण्यातच जातो, क्लच पुरता सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना खरखर होते.

घरी हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे. दुसऱ्याने स्लेव्हवरचे निपल रिंग पान्याने सैल करून तेल बाहेर येऊ द्यायचे, निपल आवळायचे, आणि मगच पेडल सोडायचे. पेडल आधी सुटले किंवा ब्रेक ऑइलच्या टाकीतले तेल तळाला गेले, तर काढली त्याहून जास्त हवा आत शिरते. निपल उघडल्यावर पेडल खालीच पडून राहिले म्हणून पुष्कळजण घाबरतात. बऱ्याच गाड्यांत यात बिघाड काही नसतो. निपल आवळल्यावर पेडल हाताने वर उचलून घ्यावे.

बाटलीभर तेल ओतूनही क्लच नरमच राहिला, तर आणखी ओतण्याआधी पेडलची तपासणी करावी. पाच-सहा वेळा पंप केल्यावर पेडल कडक होते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा नरम पडते, तेव्हा हवा अजून आत आहे. पेडल दाबून धरल्यावर गिअर पडतो, पण पाय तसाच ठेवला असता गाडी हळूहळू पुढे सरकू लागते, तेव्हा बहुधा मास्टर सिलिंडरमधला रबरी वायसर झिजलेला असतो. तेल वायसरच्या बाजूने मागे सरकते, बाहेर थेंबही दिसत नाही. अशा सिलिंडरमधून कितीही हवा काढली तरी उपयोग नाही. किट किंवा सिलिंडरच बदलावा लागतो. टाकीतली पातळी रोज उतरत असेल तर पेडलमागे आणि स्लेव्हच्या रबरी टोपणाखाली ओल शोधावी. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती असतो. तो गळू लागला की गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि ते घरचे काम नव्हे.

हट्टी हवा बहुतेक नळीच्या उंच वळणात किंवा मास्टरच्या तोंडाशी अडकते. हवा वर जाऊ पाहते आणि पेडल तिला खाली ढकलत राहते. म्हणून मोठ्या सिरिंजने निपलमधून हळूहळू तेल भरून हवा वर टाकीत ढकलणे हा उलटा उपाय अनेकदा लागू पडतो. टाकी मात्र उतू जाऊ देऊ नये, कारण हे तेल गाडीचा रंग खाते. सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. बाहेरचा स्लेव्ह उलटा बसला असेल आणि निपल सर्वांत वर नसेल, तर थोडी हवा आतच राहते. स्लेव्ह सोडवून हातात घेतला असताना पेडल कधीही दाबू नये. पिस्टन बाहेर उडतो. हवा शोषणारा पंप वापरताना बुडबुडे संपतच नसतील, तर ते सैल निपलच्या आट्यांतून येत असण्याचा संभव मोठा.

तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, आणि नव्या बाटलीतले घ्यावे. ही तेले हवेतला ओलावा शोषतात, त्यामुळे उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नये. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये. त्याने रबर फुगते आणि सगळे वायसर निकामी होतात.

पेडल कडक आहे, स्लेव्हचा दांडा पूर्ण सरकतो, तरी गिअर पडत नाही, तेव्हा दोष तेलात नाही; क्लच प्लेट, प्रेशर प्लेट किंवा फोर्क तपासावा.

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. म्हणून काम संपल्यावर टाकीची पातळी पाहावी, आणि गाडी फाटकाबाहेर काढण्याआधी ब्रेकचे पेडलही दाबून पाहावे.